आवाज : नाही

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी रोज दोन ओळी लिहायला सांगितल्या आहेत. गोळी घेतली का, झोप किती झाली, आवाज ऐकू आले का. मी म्हटलं, दोन ओळींत काय मावणार? एकतीस वर्षं लिफ्टदुरुस्तीची नोंदवही भरतोय. बिघाड लिहायचा तर आधी मशीन कसं चालत होतं तेही लिहावं लागतं. त्या म्हणाल्या, मग सगळं लिहा, मला दाखवताना दोन ओळी दाखवा. बाई हुशार आहेत.

तर मुलगा सव्वीस वर्षांचा. जन्मला तेव्हा असा टाहो फोडला की नर्स म्हणाली, हा तर भोंगा आहे. तेव्हापासून घरात भोंग्या. मोठा होऊन नकला करायला लागला. माझी नक्कल अशी की ही आतून "आले हो" म्हणत हात पुसत बाहेर यायची आणि मग त्याच्या पाठीत धपाटा घालायची. औषधांच्या गोदामात नोकरी होती, मित्र होते, शिट्टी वाजवत जिना चढायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला ऐकू यायला लागलं. कोण बोलतं, काय बोलतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षी दोनदा हॉस्पिटल झालं. दुसऱ्या वेळी कशामुळे, ते इथे लिहीत नाही.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. हिच्या जिभेवर ते बसत नाही, म्हणून ती नुसतं "ते" म्हणते.

मी एकतीस मार्चला निवृत्त होतोय. मालकांनी कबूल केलंय, सहा आठवडे पोरानं माझ्या हाताखाली नीट काम केलं तर माझ्या जागी त्याला हेल्पर म्हणून घेतील. हे जमलं तर जमलं. मी घरी बसल्यावर ह्याला कोण दारात उभं करणार? सोमवारपासून सुरुवात.

गोळी : घेतली. झोप : तेरा तास. आवाज : नाही.

९ फेब्रुवारी

पहिला दिवस. साडेसहाला उठवायला सुरुवात केली, पावणेआठला उठला. आंघोळ कर म्हटलं तर बाथरूममध्ये जाऊन वीस मिनिटं उभा. नळ चालू, अंग कोरडं. शेवटी हिनं पाण्याचा तांब्या हातात दिला, तेव्हा कुठे डोक्यावर ओतून घेतला.

कामावर मात्र त्रास दिला नाही. सहा मजली जुनी इमारत. मी केबिनच्या छतावर उभं राहून रुळांना ग्रीस लावत होतो, तो बाहेर व्हरांड्यात डबा धरून उभा. "फडकं दे" म्हटलं की दोन श्वासांनी फडकं यायचं. पूर्वी मी "फ" म्हणेपर्यंत देऊन मोकळा झाला असता.

मालक येऊन बघून गेले. म्हणाले, "बोलत नाही का हो हा?"

मी म्हटलं, "कमी बोलतो."

"बरंय की! ह्याच्या आधीचा हेल्पर तोंडानंच लिफ्ट चालवायचा."

आवाज : नाही. दिवसाअखेर पेन्सिल घेऊन बसलो की विचारायच्या आधीच सांगतो, "नाही."

११ फेब्रुवारी

हाक मारली तर येत नाही. स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली, हा खोलीत पलंगाच्या काठावर बसलेला. पुढ्यात जाऊन उभं राहिलं की उठतो. हिला म्हटलं, कानाचा डॉक्टर गाठू या का. ही म्हणाली, "कान शाबूत आहेत, कुलूप किल्लीनं उघडलं तरी दचकतो." मग आळस. दुसरं काय म्हणणार? आवाज थांबून दोन महिने झाले, आता तरी माणसानं अंग हलवावं की नाही.

संध्याकाळी त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "नुसता ओंडका झालाय." नंतर वाईट वाटलं. पण म्हणालो.

१५ फेब्रुवारी

रविवार. झोप पंधरा तास. गोळ्यांनी पोट सुटलंय, गोदामाच्या नोकरीतली एकही पँट होत नाही. हात थरथरतो, त्यामुळे चहाचा कप अर्धाच भरतो आम्ही. चार दिवस तोच शर्ट. मित्रांपैकी एकजण रस्त्यात भेटला, मला म्हणाला, "काका, येतो एकदा." हे तो वर्षभर म्हणतोय. चांगला मुलगा आहे, चपला मात्र त्याच्या उलट्या दिशेनं चालतात.

खरं सांगायचं तर मागच्या वर्षी, आवाज येत होते तेव्हा, घरात भीती होती पण मुलगाही होता. ओरडायचा, भांडायचा, मध्येच हसायचा. आता भीती नाही आणि मुलगाही नाही. सोफ्यावर कुणीतरी त्याचे कपडे घालून बसलंय. हे बाईंना दाखवायच्या ओळींत बसत नाही.

हिनं त्याचे जुने फोटो काढले होते. मी पेटीत परत ठेवायला लावले. उगाच.

आवाज : नाही.

१९ फेब्रुवारी

चांगली बातमी. आज जेवताना आपण होऊन बोलला! मी भाजी वाढून घेत होतो, तर म्हणाला, "बाबा, आत्ता तुम्ही काही म्हणालात?"

मी म्हटलं, "नाही रे. का?"

"काही नाही."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. म्हणजे त्याला गप्पा माराव्याशा वाटतायत, कुठून सुरू करावं ते कळत नसेल. मीच मग लिफ्टच्या गोष्टी सांगत बसलो, दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या नवरदेवाची वगैरे. पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. इतक्या लक्षपूर्वक त्यानं माझं शाळेतही कधी ऐकलं नव्हतं. आक्काला लगेच फोन करून सांगितलं. माझी थोरली बहीण आहे, तिला सांगितल्याशिवाय मला कुठलंच सुख पचत नाही. ती म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? येईल मार्गावर."

२४ फेब्रुवारी

आज त्यानं मला लाज आणली, पण अशी लाज रोज यावी. दवाखान्याच्या इमारतीतल्या लिफ्टचे दोर तपासत होतो. मी फडकं फिरवून "ठीक" म्हटलं. हा म्हणाला, "तिसऱ्या दोराच्या तारा तुटल्यात. अकरा." मी चष्मा लावून मोजल्या. अकरा. दोर बदलायला झालेला होता आणि मी तो चालवणार होतो.

मालकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बापापेक्षा नजर चांगली आहे."

त्याला म्हटलं, "ऐकलंस?" तर मान हलवली. दुपारी जिन्यात डबा उघडून बसला आणि एक घासही न घेता तसाच बंद केला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "दमलो." अकरा तारा मोजून माणूस दमतो का? पण चेहरा खरंच दिवसभर हमाली केल्यासारखा होता.

आवाज : नाही.

२७ फेब्रुवारी

आता महिनाच उरला. त्याला मशीन रूम शिकवायला हवी, नाहीतर मालक हेल्पर म्हणून तरी का घेतील?

ह्या जुन्या लिफ्टांना केबिनच्या छतावर बटणं नसतात. एकजण छतावर उभा राहतो आणि दुसरा वर गच्चीवरच्या मशीन रूममधून केबिन हलवतो. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीत, फोन लागत नाही, वॉकीटॉकी कधीच मेलेत, म्हणून सगळं गळ्यावर चालतं. छतावरचा ओरडतो, "खाली." वरचा तेच परत म्हणतो, "खाली." छतावरचा म्हणतो, "हो." मगच बटण. तीनदा बोलल्याशिवाय बोट हलवायचं नाही. एकतीस वर्षांत माझी बोटं, पाय, मान सगळं जागेवर आहे ते ह्या तीन शब्दांमुळे.

भोंग्याला समजावून सांगितलं. नीट ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, मी छतावर थांबतो. तुम्ही वर जा."

मी म्हटलं, "वेडा आहेस का? छतावर धोका असतो. वर खुर्ची आहे, दिवा आहे, बटण दाबायचं, बस्स."

"मला वर नको."

"का नको?"

"नको."

तीनदा नको म्हणाला. कारण एकदाही दिलं नाही. अंगावर जबाबदारी घ्यायलाच नको, हे कारण. मी म्हटलं, मंगळवारी तूच वर जाशील, विषय संपला.

३ मार्च

जेवलो नाही, आधी लिहून काढतो.

सहा मजली इमारत. मी केबिनच्या छतावर, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. पहिल्या तीन वेळा बरोबर झालं, दर वेळी तेच. "खाली", "खाली", "हो". छान चाललं होतं. मग रुळाचा एक बोल्ट घट्ट केला आणि ओरडलो, "खाली!"

उत्तर नाही.

पुन्हा ओरडलो. नाही. पुन्हा. नाव घेऊन, शिव्या देऊन, लहानपणी हाक मारायचो तशी मारून. वर काहीच नाही. मग मोटरचा गुणगुण आवाज असतो तोही बंद झाला. चौथ्या मजल्याच्या दाराची कडी माझ्या हातापासून दीड हात वर, तिसऱ्याची पायाखाली केबिनच्या आड. चाळीस मिनिटं त्या खोक्यावर उभा होतो. पायात गोळे आले. शेवटी वॉचमननं ऐकलं आणि तो वर गेला.

वॉचमन म्हणाला, पोरगा जमिनीवर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. डोळे उघडे, घामानं भिजलेला. मेन स्विच खाली ओढलेला होता. "साहेब, दोनदा हलवलं तेव्हा माझ्याकडे बघितलं."

म्हणजे बाप खाली टांगलाय आणि ह्यानं वीज बंद करून बसकण मारली.

मालकांपर्यंत संध्याकाळच्या आत गेलं. ते वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "उद्यापासून त्याला आणू नका. तुम्हीही दोन-चार दिवस घरी बसा, जरा शांत व्हा."

संपलं. सहा आठवड्यांपैकी तीन आठवडे आणि दोन दिवस.

घरी आल्यावर जे बोललो ते सगळं लिहीत नाही. हिनं मध्ये पडून माझा हात धरला. तो खुर्चीत बसून ऐकत होता, एकदाही "चुकलं" म्हणाला नाही. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाला, "झालं?" उद्धटपणे नाही. झालं का तेवढंच विचारत होता.

गोळी : घेतली. आवाज : नाही.

५ मार्च

काहीच करावंसं वाटत नाही. सकाळचा चहा दुपारी प्यालो. दाढी केली नाही. ही म्हणाली, "आता दोघं दोन सोफ्यांवर बसा, मी मधून झाडू मारते." हसवायला म्हणाली असेल. कुणी हसलं नाही.

हिशेब सारखा डोक्यात फिरतो. मी अठ्ठावन्न, ही चोपन्न, तो सव्वीस. आम्ही अजून वीस वर्षं धरली तर तो शेहेचाळीस. मग? आक्काच्या मुलांनी बघावं असं कुठल्या तोंडानं सांगू? लिफ्ट जुनी झाली की आम्ही लिहितो, सुटे भाग मिळत नाहीत, बदलावी. इथे काय लिहायचं?

७ मार्च

आज सकाळी दहाच्या सुमारास तो आपण होऊन खोलीतून बाहेर आला आणि माझ्या समोर स्टूल ओढून बसला. इतका जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

"बाबा, मंगळवारचं सांगू?"

मी म्हटलं, "सांग."

शब्द एकेक करून येत होते. ही हातातलं काम ठेवून जवळ येऊन बसली. तो म्हणाला, "चौथ्या वेळी मला दोन हाका आल्या. एक 'खाली', एक 'वर'. मी थांबलो. मग 'हो' आलं. मी तुमची हाक परत म्हटलीच नव्हती, तरी 'हो' आलं."

"कुणाचं?"

"तुमचं. दोन्ही तुमच्याच आवाजात. तोच आवाज येतो मला. पहिल्यापासून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

तो म्हणाला, "वर दाबलं असतं तर तुमचं डोकं वरच्या तुळईला लागलं असतं. म्हणून स्विच ओढला. मग वाटलं, हात आपला आपण परत चालू करेल. म्हणून हातावर बसलो. ओरडून सांगणार होतो, पण मी बोललो की तो जास्त बोलतो."

"म्हणून तू छतावर थांबतो म्हणालास?"

"छतावर मी असतो तर मला फक्त ओरडायचं होतं. ऐकायचं तुम्हाला." मग म्हणाला, "घरात बरं पडतं. तुमचं तोंड हललं की तुम्ही. नाही हललं की तो. शाफ्टमध्ये तोंड दिसत नाही."

मी म्हटलं, "मग मी रोज विचारतो तेव्हा नाही का म्हणतोस?"

त्यानं वहीकडे बोट दाखवलं. "तुम्ही लगेच लिहिता. नाही म्हटलं की तुमचा चेहरा बरा होतो."

दिवसभर माझा हा आवाज कान भरत असताना ह्यानं अकरा तारा मोजल्या होत्या. आणि मी लिहिलं, माणूस दमतो का.

ही तोंडाला पदर लावून उठून आत गेली. मला रडू आलं नाही. मी उठून उगाच खिडकी उघडली, बंद केली.

८ मार्च

डॉक्टरीणबाईंच्या नंबरवर फोन केला. रविवार असूनही त्यांनी उचलला. सगळं सांगितलं, "नाही, नाही" लिहिलेल्या पानांचंही. त्यांनी दोष दिला नाही. मरावंसं वाटतं का, हे त्यांनी त्याच्याशी स्वतः बोलून विचारलं. मग मला म्हणाल्या, गोळ्यांची पेटी तुमच्याकडे ठेवा, त्याला एकटं सोडू नका, उद्या दहाला घेऊन या. आणि जे ऐकू येतं ते त्यानं कागदावर लिहून आणलं तर बरं, त्याला जमेल तेवढंच.

आता हे मला सुचलं, त्यांनी सांगितलं नव्हतं. वायरिंगमध्ये दोष असला की आम्ही एकेक तार सोडवून तपासतो, ही चांगली, ही गेलेली. मी कागदावर उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं "बाबा", उजव्या बाजूला "तो". म्हटलं, तू एकेक वाक्य सांग, मी खरोखर म्हणालो असेन तर डावीकडे, नसेन तर उजवीकडे. एकदा यादी झाली की तुला कळेल, किती खोटं आहे. माझी खात्री होती, डावी बाजू जवळजवळ कोरी राहील.

जेवणाच्या टेबलाशी बसलो. दुपारचे तीन. ही भांडी विसळत होती. पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"'तुझ्या जेवणात काहीतरी आहे.'"

"नाही. मी असं कशाला म्हणेन?"

उजवीकडे.

"'शेजारचे तुझ्याबद्दल लिहून ठेवतात.'"

"नाही."

उजवीकडे.

"'नुसता ओंडका झालाय.'"

"ते मी," मी म्हटलं. "चुकून."

डावीकडे. तो "चुकून" लिहीत नव्हता.

"'ह्याच्यापेक्षा पोरगी झाली असती तर बरं.'"

"नाही!" मग थांबलो. "तू दहावीत असताना एकदा. चेष्टेत."

"डावीकडे?"

"डावीकडे."

असं चाललं होतं. उजवी बाजू लांब होत होती, पण डावीही कोरी नव्हती. काही वाक्यं मला आठवेनात. ती त्यानं मध्ये रेघेवर लिहिली. एका वाक्याला तो स्वतःच किंचित हसला, "'दात घासू नकोस, दात ऐकतात.' हे तुमचं नसणार." मीही हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्याच्या आवाजांवर हसलो. मला वाटलं, जमतंय. खरंच वाटलं.

मग त्यानं सांगितलं, "'तो त्या दिवशी वाचला नसता तर सगळेच सुटलो असतो.'"

हे ह्या वहीत कुठेही नाही. मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा हॉस्पिटलमधून त्याला घरी आणलं त्या आठवड्यात मी आक्काशी बोललो होतो, बाथरूममध्ये, दार लावून, बादलीत नळ सोडून. तो तेव्हा गोळ्यांनी गाढ झोपलाय असं मी धरून चाललो होतो. आक्कानं फोन ठेवला होता आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

नाही म्हणणं सोपं होतं. उजवीकडे एक ओळ वाढली असती. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि आता त्याच्यापाशी खरं ओळखायला दुसरं काहीच नाही.

"ते मी म्हणालो होतो," मी म्हटलं. "आक्काला, फोनवर."

हिनं नळ बंद केला. वळली नाही.

त्यानं पेन्सिल आडवी ठेवली. मग म्हणाला, "बरं. बाकीची मी तेव्हा सगळी खरी धरत होतो. हे एकच खोटं धरलं होतं."

"का?"

"तुम्ही असं म्हणणार नाही म्हणून."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो थांबला, माझे ओठ हलायची वाट बघत. ते हलले नाहीत.

मग त्यानं कागद जवळ ओढला आणि ते वाक्य, एकही शब्द न गाळता, "बाबा"च्या खाली लिहिलं. सावकाश, नीट लिहिलं. कागदाची चौकोनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

उद्या दहाला जायचं आहे. कागद त्याच्याजवळच आहे.